चंद्राचा ओला ओठ

मिस ऑगस्टा रीबर यांना त्या शुक्रवारी एका मासिकाचं मुखपृष्ठ मिळायचं होतं. ट्वायला केस्लरला एक काळं मांजर मिळायचं होतं. कागदाचं, लाल डोळ्यांचं, पोटात मेणबत्ती ठेवायची सोय असलेलं. तिचा धाकटा भाऊ मर्ल याने स्वतःला काय मिळायचं ते स्वतःच ठरवून टाकलं होतं: जे उरेल ते, आणि काही उरलं नाही तर ट्वायलाच्या वाट्यातलं अर्धं. कॉर्विन हेस मात्र म्हणत होता, "मला काही नको, मी आपला मदतीला येतो." असं म्हणणाऱ्या माणसावर आमच्या लिंडेनबर्गात जरा जास्तच लक्ष ठेवतात.

हे सगळं जमून आलं शाळेच्या बॉयलरमुळे. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तो फुटला, वर्गांत घोटाभर पाणी झालं आणि हेडमास्तरांनी हॅलोविन होईपर्यंत शाळा बंद केली. मुलांनी त्या बॉयलरबद्दल मनापासून हळहळ व्यक्त केली आणि दप्तरं कोपऱ्यात फेकली. सोमवारी सकाळी मिस रीबरच्या दुकानाचं दार वाजलं तेव्हा बाहेर हे तिघे उभे होते.

दुकान म्हणजे नावापुरतंच. मिस रीबरचे वडील गेल्यापासून तिथे विक्री बंद होती. वडिलांच्या फळ्यांवर आता मिस रीबरचा संग्रह होता. पोस्टात नोकरी करत असताना सुट्ट्यांमध्ये गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यांवर चढून, जुन्या बाजारात घासाघीस करून त्यांनी तो जमवला होता. नारिंगी झालरी, पाय हलवणाऱ्या पुठ्ठ्याच्या चेटकिणी, रागावलेली घुबडं, पातळ कागदाच्या डोळ्यांचे भोपळे. भोपळ्यांच्या आत अजून काजळी होती. कुठल्या तरी घरात, कुठल्या तरी ऑक्टोबरात, आत मेणबत्ती जळली होती म्हणून. दर हॅलोविनला मिस रीबर हे सगळं दुकानाच्या मोठ्या खिडकीत मांडत. तोपर्यंत काचेवर आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली असत, कोणी आधी बघू नये म्हणून. दुपारचं ऊन त्या पिवळ्या पडलेल्या कागदांतून आत येई, आणि मग आतलं काहीच खरं वाटत नसे. घुबडं उठायच्या बेतात आहेत असं वाटे.

पण मिस रीबरचा खरा जीव होता तो एका खोक्यात. त्यात मुखवटे होते. ते त्यांनी विकत घेतले नव्हते. वडिलांच्याच दुकानातला माल होता तो. कांजीत बुडवलेलं जाळीचं कापड साच्यावर दाबून केलेले, रंगवलेले, दुधाच्या सायीइतके हलके मुखवटे. १९१८ सालच्या ऑक्टोबरात ते विक्रीला आले, आणि त्याच महिन्यात तापाची साथ आली. गावाने हॅलोविन बंद ठेवलं. मुखवटे खोक्यात गेले ते गेलेच. म्हणजे अडुसष्ट वर्षांत त्यांच्या आत एकही चेहरा शिरला नव्हता.

"न घातलेले," मिस रीबर म्हणत. इतर बायका 'माझा मुलगा डॉक्टर आहे' म्हणतात त्या आवाजात.

त्यातला सर्वांत सुंदर होता चंद्र. गोल, फिक्या लोण्याच्या रंगाचा, एका गालावर लाली आणि ओठाच्या एका कोपऱ्यात हसू. याच चंद्राचा फोटो काढायला शुक्रवारी, हॅलोविनच्याच दिवशी, फिलाडेल्फियाहून मिस्टर लँगडन येणार होते. संग्राहकांच्या मासिकाचे ते संपादक. चंद्र त्यांना पसंत पडला की मुखपृष्ठ मिस रीबरचं. आणि खिडकी नीट लागली की मांजर ट्वायलाचं.

"मुखवट्यांना हात लावायचा नाही," मिस रीबर म्हणाल्या. "फक्त ब्रश. तोही ट्वायलानेच."

"मी काय करू?" मर्लने विचारलं.

"तू खिशात हात घालून उभा राहा."

"खिशात चॉकलेट आहे."

"मग बाहेर उभा राहा."

कॉर्विन तोपर्यंत काउंटरमागे जाऊन सोंगाच्या आवाजाची तालीम करत होता. आमच्याकडे हॅलोविनला सोंगं दारोदार जातात. दार उघडलं की श्वास आत ओढत बोलायचं, म्हणजे आवाज ओळखू येत नाही. घरच्या मालकाने तीन वेळा नाव ओळखायचं. नाही जमलं तर खाऊ द्यायचा. जमलं तर सोंगाने मालकासमोर मुखवटा उचलायचा, आणि खाऊ तरीही मिळतोच. आणि कितीही पिडलं तरी सोंगावर रागवायचं नाही.

"मी कोऽऽण?" कॉर्विनने श्वास आत ओढत विचारलं.

"दमा झालेलं गाढव," मर्ल दारातून म्हणाला.

"नाव घ्यायचं असतं, मर्ल्या."

"गाढवाचं नाव कॉर्विन."

रोजच्यासारखे जज फेटरॉल्फ दुपारी आले. निवृत्त झाले तरी गाव त्यांना जजसाहेबच म्हणे. उंच, पांढऱ्या केसांचे, कधीही न हसणारे. ते गावाच्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष होते, म्हणून दुकानाची दुसरी चावी त्यांच्याकडे होती, आणि भिंतीवरच्या जुन्या घड्याळाला किल्ली द्यायचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. त्यांनी टोपी काढली, मुलांकडे बघून मान हलवली, आणि ते घड्याळाकडे वळले. त्याच वेळी रोजचा डाक-फेरा म्हणून मिस रीबर पोस्टात निघाल्या आणि जाताना मुलांनाही जेवायला हाकलून गेल्या.

मंगळवारी दुपारी ट्वायला चंद्रावरून ब्रश फिरवत होती. गाल झाला, नाक झालं. खालच्या ओठापाशी ब्रश थोडा आत गेला.

ती थांबली. परत फिरवला. ओठ दबला.

"मिस रीबर," ती म्हणाली, "चंद्राचा ओठ ओला आहे."

मिस रीबर शिडीवर वटवाघळं टांगत होत्या. "जाळीच्या चंद्राचा ओठ ओला कसा असेल?"

"ओला नाही, दमट. मऊ झालाय."

त्या उतरल्या. चष्मा लावला. चंद्र हातात घेऊन त्या इतका वेळ ओठ बघत राहिल्या की मर्लने चॉकलेट चघळणं थांबवलं. कांजीच्या कापडाला श्वास लागला की ते मऊ पडतं, आणि वाळलं तरी पहिल्यासारखं ताठ होत नाही. हे आमच्या गावात पोरालाही ठाऊक असतं. रात्रभर फिरून आलेल्या मुखवट्याचं तोंड घरी येईपर्यंत लोंबायलाच लागतं.

"कोणीतरी घातलाय हा," मिस रीबर म्हणाल्या आणि ट्वायलाकडे बघितलं.

"मी नाही."

"ब्रश तुझ्या हातात. खोकं तुझ्या हातात."

"मी घातला असता तर ओठाचं तुम्हाला सांगितलं असतं का?"

"मी शोधून काढीनच, म्हणून आधी सांगितलंस."

खरं बोलणाऱ्या माणसाला खरं बोलल्याबद्दलच पकडलं की त्याने करायचं काय? ट्वायलाचे कान लाल झाले. जज फेटरॉल्फ दारातून आत येत होते. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांनी टोपी हातात घेतली, खाली बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाले, "लहान आहेत, मिस रीबर. या वयात हात शिवशिवतातच. सोडून द्या."

"तुमचं मन मोठं आहे, जजसाहेब," मिस रीबर म्हणाल्या. "माझं नाही. ट्वायला, ब्रश ठेव. मांजर विसर. तिघांनीही परत या दारात पाऊल टाकायचं नाही."

ओढ्याकाठी जुन्या गिरणीची भिंत आहे. तिथे तिघे बसले. ओढ्यावरून पिवळी पानं एकामागोमाग एक जात होती, कोणाची घाई नसल्यासारखी. मर्लने सफरचंदाचा मुरंबा लावलेला पाव काढला आणि न मागता अर्धा बहिणीला दिला. यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते कळावं.

"मांजराचं मला काही नाही," ट्वायला म्हणाली.

"खोटं," मर्ल म्हणाला.

"बरं, आहे. पण त्याहून, शुक्रवारी सगळं गाव खिडकीपुढे येणार. आणि मिस रीबर सांगणार की चंद्र केस्लरांच्या पोरीने खराब केला. मी म्हातारी झाले तरी लोक म्हणतील, तीच ती."

"मग कोणी केला ते शोधू," कॉर्विन म्हणाला. "फरशीवर पीठ भुरभुरवायचं. पावलं उमटतील."

"मुखवट्यांवर पीठ उडालं म्हणजे? मग खरोखरच आपण गुन्हेगार." ट्वायलाने पाव बाजूला ठेवला. "एक गोष्ट मी सांगितली नाही. मी त्याचा वास घेतला. आत टीबेरीचा वास होता."

टीबेरीच्या गुलाबी गोळ्या आमच्या डोंगराळ भागातली म्हातारी माणसं चघळतात. वास असा की मुरगळलेल्या पायाला चोळायचं मलम कोणीतरी साखरेत घोळलंय.

"म्हणजे म्हातारं माणूस," कॉर्विन म्हणाला. "चला. वास घ्यायला."

बुधवारी लिंडेनबर्गातल्या म्हाताऱ्या माणसांना मुलांच्या प्रेमाचा अचानक पूर आलेला दिसला. पोस्टमन यॉस्ट यांना मर्लने मिठी मारली. पाद्रीबाईंना कॉर्विनने विचारलं, "जरा जोरात 'आ' करता? दात किती छान आहेत तुमचे." पाद्रीबाईंचे दात नवे होते, त्या खूश झाल्या. दुपारपर्यंत निकाल हाती आला: टीबेरी सगळेच खातात.

"पोस्टमन, पाद्रीबाई, न्हावी, न्हाव्याची आई," कॉर्विनने बोटांवर मोजलं. "जजसाहेबपण. आणि खुद्द मिस रीबर."

"आपण अख्खं गाव पकडलंय," ट्वायला कडवटपणे म्हणाली.

मर्ल भिंतीवर आडवा पडून ढगांकडे बघत होता. "ते दुकानातलं घड्याळ किती हावरट आहे ना," तो म्हणाला. "रोज खातं. जजसाहेब रोज भरवतात."

"घड्याळ खात नाही रे, त्याला किल्ली..." कॉर्विन बोलता बोलता थांबला. "ट्वायला, ते आठ दिवसांचं घड्याळ आहे. आमच्याकडे तसलंच आहे. बाबा रविवारी चर्चहून आले की एकदा किल्ली देतात, पुढच्या रविवारपर्यंत बघत नाहीत."

ओढ्यावरून बरीच पानं गेली.

"त्यांनी रागवायला पाहिजे होतं," ट्वायला सावकाश म्हणाली. "इतिहास मंडळाचे अध्यक्ष ते. चर्चची वीट हलली तर पत्रक काढतात. आणि काल म्हणाले, सोडून द्या."

"जजसाहेब?" मर्ल उठून बसला. "ते तर हसतसुद्धा नाहीत."

दुकानाच्या मागच्या बाजूला, जमिनीलगत, एक लाकडी झडप आहे. पूर्वी पिंपं तिथून घसरवत तळघरात उतरवत. गुरुवारी दुपारी, मिस रीबर पोस्टाकडे वळल्याबरोबर, ट्वायला त्या घसरणीवरून खाली गेली. मागून मर्ल आला, ठरल्यापेक्षा बराच लवकर आणि तिच्या पाठीवर. कॉर्विन मधेच अडकला.

"श्वास सोड," खालून ट्वायला कुजबुजली.

"सोडलाय. हा मीच आहे, श्वास नाही."

"तिथेच थांब मग. पहारा दे."

"पाय आत, डोकं बाहेर. पहाऱ्याला उत्तम," कॉर्विन म्हणाला. पडत्या काळातही तो बाजू मांडत असे.

जिन्याचं दार किलकिलं करून ट्वायला आणि मर्ल नारिंगी झालरींमागे उभे राहिले. वर्तमानपत्रांतून आलेलं ऊन खोलीभर साचलं होतं, मधासारखं. धूळ त्यात तरंगत होती. घड्याळ टिकटिकत होतं. त्याला कसलीही भूक नव्हती.

चावी फिरली. जज फेटरॉल्फ आत आले. घड्याळाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. टोपी काउंटरवर ठेवली, हात रुमालाने पुसले, खोक्याचं झाकण उघडलं. दोन्ही तळव्यांवर चंद्र उचलला, जसं झोपलेलं पाखरू उचलावं. मग आरशापुढे जाऊन तो चेहऱ्यावर बांधला.

आरशात एक उंच चंद्र उगवला. पांढऱ्या केसांचा, काळ्या कोटातला.

चंद्राने मान या बाजूला कलती केली, त्या बाजूला केली. एक पाय उचलला. मग, अगदी हळू, कोणाला ऐकू जाऊ नये अशी, एक उडी मारली. आणि श्वास आत ओढत आरशाला विचारलं:

"मी कोण?"

मर्लने ट्वायलाचा हात घट्ट धरला. तिला रागवायचं होतं. दोन दिवस तिने तो राग सांभाळून आणला होता. पण सोंगावर रागवायचं नसतं. हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. ती झालरी बाजूला करून पुढे आली.

"पोस्टमन यॉस्ट," ती म्हणाली.

चंद्र दचकून वळला.

"पाद्रीबाई."

चंद्राने मान हलवली. नाही.

"जजसाहेब."

चंद्राने दोरी सोडायला हात वर नेले.

"नको," ट्वायला म्हणाली. "माझ्यासमोर नाही. घरच्या मालकासमोर उचलायचा असतो. हे घर मिस रीबरचं आहे."

जज फेटरॉल्फ मुखवट्यासकट खुर्चीवर बसले. मुखवट्याआडून बोलणं त्यांना सोपं गेलं असावं.

"मी नऊ वर्षांचा होतो," ते म्हणाले. "हा याच खिडकीत टांगलेला होता. रोज शाळा सुटली की मी काचेला नाक लावून उभा. शेवटी मिस रीबरच्या वडिलांनी आत बोलावलं. म्हणाले, काय देशील? मी म्हटलं, अक्रोड. आमच्या टेकडीवर काळ्या अक्रोडाची झाडं होती. पोतंभर सोलले. हात नाताळपर्यंत काळे होते. त्यांनी पोतं घेतलं, म्हणाले, चंद्र तुझा. हॅलोविनला ये आणि घेऊन जा."

"मग?" मर्लने विचारलं.

"मग साथ आली. दुकान बंद, शाळा बंद, हॅलोविन बंद."

"पुढच्या वर्षी यायचं."

"पुढच्या वर्षी आमच्या घरात बाबा नव्हते. मी गिरणीत पोती मोजायला जायचो. पोती मोजणाऱ्याला चंद्र होता येत नाही, बाळ."

"पण मग तो तुमचाच ना?" ट्वायला म्हणाली.

"माल ताब्यात आला नाही. मी कधी मागायला गेलो नाही. अडुसष्ट वर्षांनी दावा लागत नाही."

"मी कायद्याचं नाही विचारत."

त्यांनी चंद्र काढून मांडीवर घेतला. आतला चेहरा एकदम फार म्हातारा दिसला.

"मंगळवारी मला खोटारडी ठरवलं," ट्वायला म्हणाली. "तुम्ही दारात होता."

"होतो."

"तुम्ही म्हणालात, हात शिवशिवतात."

"म्हणालो." त्यांचा हात सवयीने खिशातल्या गुलाबी गोळ्यांकडे गेला आणि रिकामाच परत आला. "मी सोमवारी मिस रीबरना सांगणार आहे. तो फिलाडेल्फियाचा माणूस एकदा गेला, की..."

"सोमवारी खिडकी उतरलेली असेल!" तळघरातून कॉर्विनचा आवाज आला. "तोवर गुन्हेगार आम्ही!"

जजसाहेबांनी जमिनीकडे बघितलं. "तिथे कोण आहे?"

"आमचा पहारेकरी," मर्ल म्हणाला. "अडकलाय."

"तुम्ही जन्मभर निकाल दिलेत," ट्वायला म्हणाली. "हापण द्या."

ते उठले, चंद्र खोक्यात ठेवला, टोपी घातली. मग कोट काढून, बाह्या सरसावून तळघरात उतरले आणि कॉर्विनला पायांना धरून ओढून काढलं. निकाल काय, ते मात्र सांगितलं नाही.

शुक्रवारी दिवस मावळायच्या सुमाराला सगळं गाव दुकानापुढे जमलं. मिस्टर लँगडन पांढरे हातमोजे घालून कॅमेऱ्यामागे उभे होते. मिस रीबरनी सकाळीच चंद्र खिडकीत अगदी उंचावर टांगला होता, मऊ ओठ सावलीत जाईल अशा बेताने. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नव्हतं. संग्राहक आपल्या वस्तूची चांगली बाजूच पुढे करतो.

तिघं मुलं पायऱ्यांच्या कडेला उभी होती. दारात पाऊल टाकायची बंदी होती. पायरीबद्दल कोणी बोललं नव्हतं.

मिस रीबरनी आतून वर्तमानपत्रं ओढली. खिडकी उजळली. पुटपुटणारा जमाव गप्प झाला. भोपळ्यांच्या कागदी डोळ्यांत मेणबत्त्या थरथरत होत्या, चेटकिणी झोका घेत होत्या, आणि काळं मांजर लाल डोळ्यांनी थेट ट्वायलाकडे बघत होतं. आत जणू दुसरंच एक गाव वसलं होतं, आणि तिथले लोक बाहेरच्यांकडे बघायला जमले होते.

वरची खुंटी रिकामी होती.

"चंद्र कुठे आहे?" मिस्टर लँगडननी विचारलं.

दुपारच्या डाक-फेऱ्यानंतर मिस रीबरनी पहिल्यांदाच मान वर केली. चेहऱ्याचा रंग उतरला. त्या दार उघडून बाहेर आल्या आणि ट्वायलासमोर उभ्या राहिल्या. "कुठे ठेवलास?"

ट्वायलाने दोन्ही हात पुढे केले. रिकामे. "माझ्याकडे नाही, मिस रीबर. पण कोणीतरी तुमच्याकडे येतंय. तुम्ही दारात उभ्या राहा. मालकाने दारात असायला लागतं."

गर्दी बाजूला झाली. रस्त्याच्या मधून, लांब काळ्या कोटात, कॉलर वर करून, चंद्र चालत येत होता. सावकाश, रस्ता आपलाच असल्यासारखा. तो पायऱ्यांपाशी थांबला आणि श्वास आत ओढत म्हणाला:

"मी कोण?"

"काढ," मिस रीबर म्हणाल्या. "आधी तो काढ. तुला कल्पना आहे का तो किती..."

"ऑगस्टा," गर्दीतून पोस्टमन यॉस्टची बायको म्हणाली, "सोंगावर रागवतात होय? ओळख की."

गाव बघत होतं. मिस रीबरनी ओठ आवळले. "कॉर्विन हेस. आणि खांद्यावर बसलाय तो मर्ल."

"मी इथे आहे," मर्ल म्हणाला. त्याच्या तोंडात काहीतरी होतं.

"मीपण," कॉर्विन म्हणाला. "आणि मी कोणाला खांद्यावर घेत नाही."

"पोस्टमन यॉस्ट."

"मी माझ्या बायकोशेजारी आहे," पोस्टमन म्हणाले. "दुसरीकडे कुठे जाऊ देते ती?"

एकच संधी उरली होती. चंद्र वळला, खिडकीपाशी गेला, वाकला आणि काचेला नाक लावून आत बघत राहिला. थंड काचेवर, त्याच्या तोंडापुढे, धुक्याचा एक गोल उमटला. मोठा झाला. आतल्या मेणबत्त्या त्या धुक्यातून अंधुक दिसू लागल्या.

मिस रीबर त्या गोलाकडे बघत राहिल्या. त्यांचा उजवा हात आपोआप उचलला गेला, फडकं धरल्यासारखा.

"तू होय," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा नव्हता; फार लहान मुलीचा होता. "रोज संध्याकाळी ते पुसायला लागायचं मला. बाबा म्हणायचे, जा ऑगस्टा, त्या पोराचं नाक पुसून ये. अ‍ॅम्ब्रोज."

चंद्र सरळ झाला. जज फेटरॉल्फ यांनी दोरी सोडली आणि मालकिणीसमोर मुखवटा उचलला.

"हा मी घातला," ते मोठ्याने म्हणाले, कोर्टात म्हणत तसे, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असे. "गेला आठवडाभर रोज. ट्वायला केस्लरने तो कधीही घातला नाही. तिच्यावर आळ आला तेव्हा मी शेजारी होतो आणि गप्प बसलो. मला पकडलं या तीन मुलांनी. पकडून वर सभ्यपणे वागली, तेवढ्या सभ्यपणे मी वागलो नव्हतो."

मिस्टर लँगडन पुढे आले, हातमोज्याच्या एका बोटाने चंद्राचा ओठ दाबून बघितला आणि सुस्कारा सोडला.

"वापरलेला," ते म्हणाले. "वाईट वाटतं मला, मिस रीबर. खरंच." आणि कॅमेऱ्याला झाकण लावलं.

मिस रीबरनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्या ट्वायलाकडे वळल्या होत्या. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. लिफाफा उघडता येत नसल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"तू मला मंगळवारी खरं सांगितलंस," शेवटी त्या म्हणाल्या. "मी ते ऐकलं नाही. हे घे." त्यांनी गळ्यातून दुकानाची चावी काढली. "मांजर तर तुझंच. ही चावीपण तुझ्याकडे राहू दे. या गावात वस्तूची अशी काळजी घेणारं आणि वर खरं बोलणारं दुसरं कोणी मला दिसत नाही."

"आम्ही?" मर्ल म्हणाला.

"तू खिशातून हात काढ. मग बघू."

मग त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर घुबड होतं. न घातलेलं. दुकानदाराची मुलगी म्हणून लहानपणी मालाला हात लावायची त्यांना बंदी होती, आणि पुढे ती बंदी त्यांनी स्वतःच चालू ठेवली होती. त्या संध्याकाळी एक चंद्र आणि एक घुबड लिंडेनबर्गात दारोदार फिरले. घुबड प्रत्येक दारात पहिल्याच झटक्यात ओळखलं गेलं, कारण ते मालकांना पायपुसणं नीट ठेवायला सांगत होतं.

आता कोणाला काय मिळालं आणि कोणाचं काय गेलं ते बघू. मुखपृष्ठावर ओहायोतल्या कोणाचा तरी भोपळा आला. ते नुकसान मिस रीबरचं. मिस्टर लँगडन यांच्या पदरात लांबचा प्रवास पडला, आणि टोपीत मर्लने विसरलेलं अर्धं चॉकलेट. जजसाहेबांनी तो सगळा हिवाळा दर शनिवारी दुकानाची काच बाहेरून पुसली. त्यांनीच स्वतःला ती शिक्षा दिली होती आणि त्यावर अपील नव्हतं. कॉर्विनला खरोखरच काही मिळालं नाही. त्यामुळे गावाने त्याच्यावर लक्ष ठेवणं सोडून दिलं.

आणि चंद्र? शनिवारी सकाळी मिस रीबरनी तो तपकिरी कागदात गुंडाळला, वरून सुतळी बांधली, वडील बांधत तशी, आणि काउंटरवरून पुढे सरकवला.

"हे काय?" जज फेटरॉल्फ म्हणाले. "हा तर तुझ्या संग्रहातला सर्वांत मोलाचा. याचे किती देऊ?"

"त्या नोव्हेंबरात आईने तुझ्या अक्रोडांचा केक केला होता," मिस रीबर म्हणाल्या. "मी तीन तुकडे खाल्ले, अ‍ॅम्ब्रोज. घे तुझा चंद्र."